खेळातील क्षेपके : नवशिक्याने कोणते 'मॉड' घ्यावेत?

संगणकावरील खेळांचा विषय घरात निघाला की बहुधा दोनच सूर ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचा सूर 'डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो' हा. आणि मुलांचा सूर 'तुम्हांला त्यातलं काही कळत नाही' हा. दोन्हींत थोडेबहुत तथ्य आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसराच, अगदी व्यवहाराचा प्रश्न आज कित्येक घरांत उभा राहिलेला आम्हांस दिसतो. माइनक्राफ्ट नावाचा खेळ घरात आलेला असतो, मूल त्यात रमलेले असते, आणि काही महिन्यांनी ते येऊन म्हणते, "बाबा, मला यात मॉड घालायचे आहेत." मॉड म्हणजे काय हे बाबांना ठाऊक नसते, मुलाला आपल्याला ते ठाऊक आहे असे वाटत असते. मग आतेभावाने सांगितलेले, वर्गमित्राने सुचवलेले, कुठल्याशा चित्रफितीत पाहिलेले असे पन्नास-साठ मॉड एका रविवारी संगणकात उतरतात आणि सोमवारी खेळ उघडतच नाही. कधी याहूनही वाईट घडते. ते पुढे येईलच.

प्रथम खेळाविषयी, ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने मे २००९ मध्ये या खेळाचे पहिले कच्चे रूप लोकांसमोर ठेवले. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ही मोजांग नावाची कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. खेळातील सारे जग घनाकृती ठोकळ्यांचे असते. एक ठोकळा म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर. माती खणावी, झाडे तोडावी, दगड फोडावे, आणि मिळेल त्यातून घर, पूल, शेत, किल्ला, मनास येईल ते उभारावे. तेथील दिवस आणि रात्र मिळून आपली वीस मिनिटे होतात. जिंकण्या-हरण्याला येथे फारसे महत्त्व नाही. वाळूच्या ढिगात खोपे करीत बसलेल्या मुलांना 'तुमच्यात जिंकले कोण?' असे कोणी विचारत नाही, तसेच हे आहे. इंग्रजीतही अशा खेळांना वाळूच्या हौदावरूनच 'सँडबॉक्स' हे नाव पडले आहे.

आता मॉड. मूळ खेळात कंपनीबाहेरच्या कोणा हौशी कारागिराने केलेली भर किंवा फेरफार, तो मॉड. मराठीच्या अभ्यासकाला यासाठी शब्द शोधत दूर जावे लागत नाही. आपल्या जुन्या पोथ्यांत मागाहून कोणीतरी घुसडलेल्या ओव्यांना आपण 'क्षेपक' म्हणतो. ज्ञानेश्वरीत अशी भर पडत गेल्यामुळेच एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मॉड हेही क्षेपकच. भेद इतकाच की पोथीतील क्षेपक मूळ ग्रंथकाराच्या नावामागे लपते आणि मॉड आपले नाव, आपल्या कर्त्याचे नाव आणि आपली आवृत्ती उघडपणे लावून येतो. शिवाय, निदान तत्त्वतः, तो काढूनही टाकता येतो.

आणखी एक गंमत अशी की या खेळाच्या मूळ कर्त्यांनी काही क्षेपके स्वतःच पदरात घेतली. खेळात ठोकळे पुढे ढकलणारा जो दट्ट्या आहे, 'पिस्टन', तो मुळात एका खेळगड्याच्या मॉडमधील कल्पना. २०११ साली तो मूळ खेळात आला. घोड्यांचेही तसेच. प्राण्यांची रेलचेल करणारा 'मो क्रीचर्स' नावाचा एक मॉड होता. त्याच्या कर्त्याच्या साहाय्याने २०१३ साली घोडे मूळ खेळात दाखल झाले. तेव्हा मॉड म्हणजे काही चोरीछुपीचा मामला आहे असे समजून पालकांनी बिचकण्याचे कारण नाही. संगणकावर चालणाऱ्या 'जावा' आवृत्तीच्या परवान्यात मॉड करण्यास व फुकट वाटण्यास मुभा आहे, विकण्यास नाही. म्हणून जावा आवृत्तीच्या मॉडसाठी कोणी पैसे मागू लागला तर तेथून काढता पाय घ्यावा हे उत्तम.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. या खेळाची दोन घराणी आहेत. जावा हे एक, आणि फोन, टॅबलेट व दूरदर्शन संचाला जोडायच्या खेळयंत्रांवर चालणारे 'बेडरॉक' हे दुसरे. २०२२ पासून विंडोज संगणकासाठी ही दोन्ही एकत्रच विकली जातात. आम्ही ज्या मॉडविषयी लिहीत आहोत ते केवळ जावा घराण्याचे. बेडरॉकमध्ये 'ॲड-ऑन' असतात. ते पुष्कळदा कंपनीच्या दुकानातून विकत घ्यावे लागतात आणि त्यांचा आवाकाही मर्यादित असतो. मुलाजवळ फक्त फोन असेल तर त्याने जावाचे मॉड त्यात घालण्याचा खटाटोप करू नये. 'फोनवर सर्व मॉड' अशी आश्वासने देणाऱ्या जाहिराती मुलांना नको तेथे नेऊन सोडतात. केवळ फोनच असलेल्या घरांसाठी एक वेगळी वाट आहे, तिचा उल्लेख शेवटी करू.

मॉड हजारो आहेत. त्यांतून नवशिक्याने निवड कशी करावी? मुले ज्या कसोट्या लावतात, म्हणजे चित्रे किती सुंदर, राक्षस किती भयंकर, हत्यारे किती, त्या आमच्या मते पहिल्या मॉडसाठी निरुपयोगी आहेत. आम्ही एकच प्रश्न विचारतो: हा मॉड उद्या काढून टाकावा लागला, तर मुलाने उभारलेल्या जगाचे काय होईल? या प्रश्नाच्या उत्तरावरून सर्व मॉडचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाहुण्यांचा. पाहुणा येतो, चार दिवस राहतो, जातो. घर होते तसेच राहते. दुसरा वर्ग बिऱ्हाडकरूंचा. तो येताना आपले सामान आणतो, भिंतीत आपल्या खुंट्या मारतो, आणि बिऱ्हाड हलवताना त्या उपटून घेऊन जातो. तिसरा वर्ग सोयरिकीचा. ती एकदा जुळली की मोडणे अवघड, आणि म्हणून ती जुळवण्यापूर्वीच काय ती चौकशी करावयाची असते.

हे वर्गीकरण पुस्तकी नव्हे हे पटावे म्हणून आमच्या शाळेतील एक प्रसंग सांगतो. आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. गावातील त्यांचा वडिलोपार्जित वाडा काही वर्षांपूर्वी रस्तारुंदीत गेला. या मुलाने आजीला विचारून विचारून तो वाडा माइनक्राफ्टमध्ये उभा केला. दिंडीदरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, माडीवर जाणारा अंधारा जिना, कोठीची खोली, सारे. दोन वर्षे तो हे काम करीत होता. आजी शेजारी बसून 'खिडकी इथं नव्हती रे, पलीकडे होती' असे सांगत असे. वाड्याची दारे, खिडक्यांचे गज, फडताळे व दिवे त्याने फर्निचरच्या एका मॉडमधून घेतले होते. पुढे खेळाची नवी आवृत्ती आली, त्याने ती घेतली; फर्निचरच्या मॉडच्या कर्त्याने मात्र नव्या आवृत्तीसाठी मॉड काढलाच नव्हता. जग उघडले तेव्हा त्या मॉडची प्रत्येक वस्तू नाहीशी झालेली होती. दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत आला आणि इतकेच म्हणाला, "सर, वाड्याची दारं गेली."

जेथे दारे होती तेथे रिकाम्या चौकटी, जेथे दिवे होते तेथे अंधार. एक भिंतही पडली नव्हती, कारण भिंती मूळ खेळाच्या दगड-विटांच्या होत्या. सुदैवाने त्याच्या थोरल्या चुलतबहिणीने दिवाळीच्या सुट्टीत त्या जगाची एक नक्कल आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. जुनी आवृत्ती, जुना मॉड आणि ती नक्कल यांच्या मेळातून बराचसा वाडा परत मिळाला. दिवाळीनंतरचे तीन-चार महिन्यांचे काम मात्र गेले, आणि त्यात माडीवरची पूर्वेची खोली होती. आजींनी ती पुन्हा सांगितली. "या खेपेला कोनाडा बरोबर जागी आला," असे त्या म्हणाल्याचे मुलाने आम्हांस सांगितले.

बिऱ्हाडकरूने खुंट्या उपटून नेणे म्हणजे काय ते हे.

म्हणून पहिले मॉड घ्यावयाचे ते पाहुण्यांतून. त्यांत आमच्या मते अग्रपूजेचा मान 'जस्ट इनफ आयटेम्स' या मॉडचा. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून मुले त्याला 'जेईआय' म्हणतात. या खेळात शेकडो वस्तू तयार कराव्या लागतात आणि प्रत्येकीची कृती ठरलेली असते: अमुक इतक्या फळ्या, अमुक इतक्या काड्या, आणि त्या अमुक रीतीने मांडलेल्या. पूर्वी मुले या कृती वहीत लिहून ठेवीत. २०१७ साली मूळ खेळातच कृतींचे एक पुस्तक आले, पण ते आपल्या हाती आलेल्या वस्तूंपुरते हळूहळू उघडत जाते. जेईआय सर्व वस्तूंची यादी पडद्याच्या कडेला मांडतो. वस्तूवर टिचकी मारली की ती कशी करावी ते दिसते. आणि उलट बाजूने, हाती असलेल्या वस्तूपासून काय काय होईल तेही दिसते. ही दुसरी सोय आम्हांस अधिक मोलाची वाटते. घरात तांदळाचे पीठ आहे, त्याचे काय काय करता येईल, असे सुगरण बाई मनाशी म्हणते, तो विचार मुलाला येथे लागतो. पुढे दुसरे कोणतेही मॉड घातले तरी त्यांच्या वस्तूही याच यादीत येऊन बसतात, म्हणून हा सर्वांआधी हवा.

त्याच्या जोडीला 'जेड'. आपण खेळात ज्या ठोकळ्याकडे पाहात असू त्याचे नाव हा पडद्याच्या वरच्या बाजूस एका छोट्या पाटीवर दाखवतो. एवढ्याने काय साधते असे वाटेल. परंतु त्या नावाखाली, तो ठोकळा मूळ खेळाचा की कोणत्या मॉडचा, हेही लिहिलेले असते. वर ज्या मुलाची हकीकत सांगितली त्याच्या जगात ही पाटी असती तर दारे परक्याची आहेत हे त्याला रोज दिसले असते. पाटी वाचण्याची सवय झाली की घराच्या भिंती, छप्पर, जिने मूळ खेळाच्या सामानाचे करावे आणि बिऱ्हाडकरूंचे सामान केवळ सजावटीला वापरावे, हा शहाणपणा मुलांना आपोआप येतो.

तिसरा पाहुणा 'ॲपलस्किन'. खेळात भूक लागते आणि खावे लागते. प्रत्येक पदार्थाचे दोन गुण असतात: पोट किती भरते, आणि ते भरलेपण किती टिकते. मूळ खेळ पहिला गुण दाखवतो, दुसरा लपवून ठेवतो. म्हणूनच बिस्किटे खाऊन निघालेला गडी थोड्या वेळात पुन्हा भुकेला का होतो आणि भाकरीवर निघालेला का होत नाही, हे मुलांना उमगत नाही. ॲपलस्किन दुसरा गुणही उघड करतो. आमच्या एका सहशिक्षिकेने यावरून सहावीच्या वर्गात आहाराचा धडा घेतला, तो तासभर पुरला.

नकाशाच्या मॉडविषयी, 'जर्नीमॅप' आणि त्यासारख्या इतरांविषयी, आमचे मत जरा वेगळे आहे. ते पाहुणेच आहेत, निरुपद्रवी आहेत, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सदैव नकाशा दिसत असल्यामुळे चुकण्याची भीती राहात नाही. पण चुकणे हा या खेळातील मोठा आनंद आहे. मूळ खेळात कागदाचा नकाशा आहे, होकायंत्र आहे. सूर्य पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो. पहिला महिना तरी मुलाने टेकड्यांवर मशाली लावून वाट ओळखावी. लहान भावंड खेळत असेल आणि घर सापडत नाही म्हणून रडत असेल, तर मात्र नकाशा खुशाल द्यावा.

संगणक जुना असेल तर वेग वाढवणारा एखादा मॉड लागेल. 'ऑप्टिफाइन' हा त्यांतील जुना. २०२० पासून 'सोडियम' अधिक वापरात आहे. हेही पाहुणेच.

आता बिऱ्हाडकरू. पहिला बिऱ्हाडकरू म्हणून आम्ही निःशंकपणे 'फार्मर्स डिलाइट' सुचवतो. हा शेतीचा आणि स्वयंपाकाचा मॉड. मूळ खेळात गहू, बटाटा, गाजर, बीट आहे. हा त्यांत कोबी, टोमॅटो, कांदा आणि तांदूळ यांची भर घालतो. कांदा आला तेव्हा कुठे स्वयंपाक सुरू झाला, असे कोणतीही मराठी गृहिणी म्हणेल. ही पिके प्रथम रानात शोधावी लागतात, मग घरी आणून लावावी लागतात. तांदूळ कोरड्या जमिनीत लावून चालत नाही, उथळ पाण्यात लावावा लागतो. ज्या मुलाने भाताची लावणी कधी पाहिली नाही त्याला आजोळच्या मंडळींनी येथे चार गोष्टी सांगाव्यात. चिरण्यासाठी पाट आणि सुरी, शिजवण्यासाठी पातेले, आणि पातेल्याखाली विस्तव हवाच. विस्तवाशिवाय पातेले नुसते शोभेचे. एका वेळी शिकावे लागते ते थोडे, आणि जे शिकावे त्याचे फळ लगेच ताटात दिसते. नवशिक्यासाठी मॉड कसा असावा याचा हा नमुना होय. शिवाय मूळ खेळाशी त्याची जात जुळते. तो मुलाच्या हाती तोफ देत नाही.

दुसरा बिऱ्हाडकरू 'क्रिएट'. हा महिना-दोन महिन्यांनी घ्यावा, कारण तो खोल आहे. यात चक्रे, दांडे, पट्टे, पाणचक्क्या आणि पवनचक्क्या आहेत. ओढ्यात पाणचक्की बसवावी, तिच्या फिरण्याला दाते जोडावेत, आणि त्या बळावर धान्य दळावे, लाकूड चिरावे. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चक्रे उलट दिशांनी फिरतात. मोठ्या चक्राने लहान चक्र फिरवले तर वेग दुप्पट होतो, लहानाने मोठे फिरवले तर निम्मा होतो. एका पाणचक्कीवर झेपेल त्याहून अधिक यंत्रे लादली की सारा कारखाना जागच्या जागी थांबतो. आमच्या प्रयोगशाळेत दातेरी चक्रांचा एकच संच आहे आणि त्याचे दोन दाते तुटलेले आहेत; तेव्हा हे पाहून आम्हांस जरा हेवाच वाटला. याची आणखी एक थोरवी अशी की हा मॉड स्वतःच स्वतःला शिकवतो. यंत्राच्या चित्रावर ठरावीक कळ दाबून धरली की ते यंत्र कसे मांडावे याचे हलते प्रात्यक्षिक समोर उलगडते. शिकवण्याची तसदी न घेणारे मॉड पुष्कळ आहेत. ते कितीही नावाजलेले असोत, पहिल्या वर्षी नकोत.

उलट काही गोष्टींसाठी मॉडची गरजच नसते. खेळात गडी मेला की त्याच्याजवळचे सारे सामान तेथेच विखुरते, आणि वेळेत गाठले नाही तर पाच मिनिटांत नाहीसे होते. यावर रडारड होते आणि मुले सामान राखून ठेवणारा मॉड शोधू लागतात. मूळ खेळातच 'कीप इन्व्हेन्टरी' नावाचा एक नियम आहे. जग निर्माण करताना तो चालू केला की मेल्यावरही सामान जवळच राहते. अडचणी वाढवण्याची-घटवण्याची सोयही मुळात आहेच. जे घरच्या डब्यात आहे ते आणायला बाजारात कशाला जावे?

सोयरिकीचा वर्ग भूमी बदलणाऱ्या मॉडचा. 'बायोम्स ओ प्लेन्टी' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. त्याने पन्नासांहून अधिक प्रकारचे नवे प्रदेश जगात येतात. हा मॉड चांगलाच आहे. पण तो चालू जगात मध्येच घातला तर मुलाने आजवर पायाखाली घातलेली भूमी जुनीच राहते, नवी भूमी तिच्या पलीकडे सुरू होते, आणि जोडावर बहुधा कड्यासारखा तुटका उतार दिसतो. काढला तर त्याच्या झाडा-मातीच्या जागी खड्डे पडतात. म्हणून तो घ्यावयाचा तर नवे जग सुरू करतानाच घ्यावा, आणि ते जग असेतो ठेवावा.

शेकडो मॉडचे तयार गाठोडे, 'मॉडपॅक', मुलांना फार खुणावते. आमचे मत स्पष्टपणे त्याविरुद्ध आहे. तीनही वर्ग त्यात एकदमच घरात शिरतात, कोण पाहुणा आणि कोण सोयरा हे कळेनासे होते, आणि घरच्या साध्या संगणकाची स्मरणशक्ती त्यापुढे अपुरी पडते.

मॉड घालण्याच्या क्रियेविषयी थोडके सांगतो. मॉड थेट खेळात जात नाही. मध्ये एक दुवा लागतो, त्याला 'लोडर' म्हणतात. 'फोर्ज' २०११ पासूनचा, 'फॅब्रिक' २०१८ पासूनचा, आणि फोर्जपासून २०२३ साली वेगळा निघालेला 'निओफोर्ज', हे मुख्य तीन. एका लोडरचा मॉड दुसऱ्यावर सहसा चालत नाही, आणि एका आवृत्तीचा दुसऱ्या आवृत्तीवर चालत नाही. मुलांचे निम्मे रविवार येथेच खर्ची पडतात. यावर उपाय क्रम उलटा करण्याचा. आधी खेळाची नवी आवृत्ती घेऊन मग तिच्यासाठी मॉड शोधू नयेत. हवे ते चार मॉड कागदावर लिहावेत, ते सर्व ज्या एका आवृत्तीत व एका लोडरवर मिळतात ती जोडी शोधावी, आणि तेथेच थांबावे. वर सांगितलेले जेईआय, जेड, ॲपलस्किन, फार्मर्स डिलाइट व क्रिएट हे पाचही जून २०२३ मध्ये आलेल्या १.२०.१ या आवृत्तीसाठी फोर्जवर मिळतात. एका वेळी एकच मॉड घालावा, खेळ उघडून पाहावा, मग दुसरा. खेळ कोसळला तर घाबरू नये. तो मागे एक अहवाल ठेवतो, आणि कोणत्या मॉडला कोणता दुसरा मॉड हवा होता हे पुष्कळदा त्यात सरळ लिहिलेले असते.

यापुढील गोष्ट मात्र पालकांनी स्वतः लक्ष घालण्याची आहे. मॉड म्हणजे संगणकावर चालणारा पुरता कार्यक्रम असतो, आणि त्याला चांगले-वाईट सारेच करता येते. जून २०२३ मध्ये 'कर्सफोर्ज' या मॉडच्या मोठ्या आणि नामांकित भांडारातच काही मॉडमध्ये घातक भाग घुसवलेला सापडला. 'फ्रॅक्चरायझर' हे त्याचे नाव. तो संगणकावरील इतर मॉडमध्येही पसरत असे आणि तेथे साठवलेले परवलीचे शब्द चोरत असे. म्हणजे क्षेपकातही क्षेपक! याचा अर्थ भांडारे टाकाऊ आहेत असा नव्हे. 'कर्सफोर्ज' आणि 'मॉडरिन्थ' ही दोनच ठिकाणे वापरावीत हा सल्ला आजही योग्य आहे, कारण ज्या आडवाटेच्या ठिकाणी दुसऱ्याचे मॉड उचलून मांडलेले असतात तेथे कोणी तपासणारेही नसते. पण काल निघालेला, कोणी फारसा न वापरलेला मॉड घेण्याची घाई नको. मॉडच्या फाइलचे नाव 'डॉट जार'ने संपते; 'डॉट ईएक्सई'ने संपणारे काही हाती आले तर ते न उघडता पुसून टाकावे. आणि ज्या संगणकावरून बाबा बँकेचे व्यवहार करतात त्यावर मुलासाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडून द्यावे. याला पाच मिनिटे लागतात.

तितकीच पाच मिनिटे नकलेला लागतात. खेळातील जगांच्या यादीत जग निवडून 'एडिट'मध्ये गेले की 'मेक बॅकअप' अशी कळ आहे. ती दाबली की त्या जगाची गुंडाळी करून वेगळी ठेवली जाते. नवा मॉड घालण्यापूर्वी, जुना काढण्यापूर्वी आणि आवृत्ती बदलण्यापूर्वी ही कळ दाबावी, आणि महिन्यातून एकदा ती नक्कल संगणकाबाहेर, पेनड्राइव्हवर न्यावी. तिच्याबरोबर एका कागदावर खेळाची आवृत्ती, लोडर आणि प्रत्येक मॉडचे नाव व त्याची आवृत्ती लिहून ठेवावी. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बहिणीने नक्कल ठेवली होती, यादी ठेवली नव्हती. फर्निचरच्या मॉडची नेमकी कोणती आवृत्ती होती हे शोधण्यात आठवडा गेला.

फक्त फोन असलेल्या, किंवा खेळ विकत घेणे ज्यांना जड जाते अशा घरांसाठी 'लुआन्टी' आहे. पूर्वी त्याचे नाव 'माइनटेस्ट' होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदलले. पेर्टू अहोला या फिनिश गृहस्थाने २०१० साली त्याचा आरंभ केला. तो फुकट आहे, त्याची घडण सर्वांना खुली आहे, जुन्या संगणकावर व अँड्रॉइड फोनवरही चालतो, आणि मॉड घेण्याचे भांडार त्याच्या आतच आहे. देखणेपणात तो थोडा उणा वाटेल. पाहुणे, बिऱ्हाडकरू आणि सोयरे हा भेद तेथेही तसाच लागू पडतो.

राहता राहिली भावंडांनी मिळून खेळण्याची गोष्ट. आपल्या कुटुंबांतून एक चुलतभाऊ इंदुरास, दुसरा बडोद्यास आणि मामेबहीण हैदराबादेस हे चित्र नेहमीचे. सुट्टीत भेट होवो न होवो, खेळाच्या एकाच जगात तिघे संध्याकाळी जमू शकतात. अशा वेळी बिऱ्हाडकरू व सोयरे या वर्गांतील मॉड तिघांकडेही तेच आणि त्याच आवृत्तीचे असावे लागतात, नाही तर दार उघडत नाही. ॲपलस्किनसारखे पाहुणे मात्र ज्याने त्याने आपापल्या आवडीने ठेवावेत. यादीचा कागद तिघांकडे एकसारखा असावा, आणि नक्कल ठेवण्याचे काम कोणा एकाकडे, शक्यतो थोरल्या बहिणीकडे, नेमून द्यावे.